केअर सेंटरमध्ये नवीन लागलात? आजी-आजोबा मारतात, चावतात, शिव्या देतात तेव्हा काय करायचं

सोलापुरात घरोघरची पोरं नोकरीला पुण्याला, हैदराबादला गेली आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी वृद्धाश्रम, केअर सेंटर असं कायकाय सुरू झालं. तिथं मावशी, आया, मामा, ब्रदर, सिस्टर म्हणून नवीन लागणाऱ्यांसाठी हे लिहितेय. डायपर कसा बदलायचा, कूस कशी बदलायची, राईल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) फीड कसं द्यायचं हे सगळं कुणीतरी शिकवतं, पण आजोबांनी कानाखाली दिली तर काय करायचं हे कुणीच सांगत नाही. सांगितलंच तर एवढंच, "म्हातारी माणसं हायत, मनावर घेऊ नका."

मनावर नका घेऊ हे ठीक आहे, पण रजिस्टरवर घ्या. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर आहे. प्रत्येक चापट, प्रत्येक चावा, प्रत्येक चिमटा लिहायचा. एक म्हणजे मार खाणं हे तुमच्या कामात आणि पगारात धरलेलं नाही, आणि दुसरं म्हणजे मारणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा कायतरी त्रास होत असतो जो त्याला सांगता येत नाही, तो त्रास शोधायचा तर नेमकं कधी, कुठं, काय करताना मारलं ते कागदावर पाहिजे.

जॉइन होण्याआधी विचारायच्या गोष्टी

पगार आणि ड्युटी विचारतोच आपण, सोबत हेही विचारा. नाईटला किती जण असतात? एका मजल्यावर एकटीच असणार का? कुणी मारलं तर कुठं लिहायचं, रजिस्टर आहे का? हिपॅटायटिस बी च्या लशीचे डोस कोण देणार? ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापतात का (दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर लागू होतं, आणि ड्युटीवर लागलं तर त्यातून उपचार आणि पगाराचे पैसे मिळतात)? या प्रश्नांवर जो मालक चिडतो त्याच्याकडं पुढं काय होणार ते तुम्हीच ठरवा.

अंगावर काय घालून जायचं

लोंबतं कानातलं काढून ठेवा, साधे टॉप्स घाला. केस बांधून वर, वेणी मोकळी सोडू नका, वेणी धरली की सुटका होत नाही. काचेच्या बांगड्या फुटल्या तर तुम्हाला लागतं आणि आजींची कातडी तर कागदासारखी पातळ झालेली असते, एका ओरखड्यात सोलून निघते. मंगळसूत्र काढायला बऱ्याच जणी तयार नसतात, मीही सांगत नाही, पण ते अॅप्रनच्या आत गेलंच पाहिजे. ओढणी नको, साडी असेल तर पदर खोचून पिन लावलेला. गळ्यात आयकार्ड असेल तर ओढल्यावर सुटणारी दोरी मागा, नाहीतर खिशाला क्लिप करा. नखं कापलेली, आजोबांची पण.

पहिल्या आठवड्यात माणसाची माहिती काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. नातेवाईक अॅडमिशनला येतात तेव्हा औषधाची फाईल देतात आणि जातात. त्यांना धरून बसवा आणि विचारा.

आधी काय काम करत होते? सोलापुरात हा प्रश्न लई कामाचा. आयुष्य गिरणीत नाहीतर पॉवरलूमवर गेलेल्या माणसाला बऱ्याचदा ऐकू कमी येतं, मागाच्या आवाजानं कान गेलेले असतात. तुम्ही मागून "आजोबा चला आंघोळीला" म्हणत खांद्यावर हात ठेवता, त्यांना ऐकू काहीच आलेलं नसतं, एकदम कुणीतरी अनोळखी माणसानं धरलं एवढंच कळतं, मग कोपर बसतं तुमच्या तोंडावर. असं माणूस आहे हे कळलं की समोरून जायचं, दिसेल असं उभं राहायचं, चेहऱ्याकडं बघून सावकाश बोलायचं. मशीन असेल कानाचं तर सेल बघा, चष्मा पुसलेला आहे का बघा, मोतीबिंदू आहे का विचारा. आणि पाळी करायची सवय असलेला माणूस संध्याकाळी उठून "पाळीला जायचंय" म्हणून दाराकडं निघतो, गिरणी कधीच बंद पडली हे त्याला सांगून उपयोग नाही, दार अडवलं तर हात उगारणारच. "चहा घेऊन जावा की मग" म्हणा, बरोबर चार पावलं चाला, बऱ्याचदा तेवढ्यात विषय बदलतो.

घरात कोणती भाषा बोलायचे? डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) मागाहून शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते, लहानपणीची मागं राहते. पन्नास वर्षं फाडफाड मराठी बोललेल्या पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातल्या) आजी एकदम फक्त तेलुगू बोलायला लागतात, अक्कलकोट बाजूचे आजोबा कन्नडवर येतात. तुम्हाला भाषा येत नसेल तरी थोडे शब्द शिकाच. पाणी म्हणजे तेलुगूत नीळ्ळु, कन्नडात नीरु. दुखणं म्हणजे तेलुगूत नोप्पी, कन्नडात नोवु. नको म्हणजे वद्दु आणि बेडा. आणि तेलुगू आजी भरवताना "चालु, चालु" म्हणाल्या तर त्या बास म्हणतायत, आपल्याला वाटतं चालू ठेवा, आपण अजून घास कोंबतो आणि मग ताट उडतं.

सवयी कोणत्या? मिश्री, तंबाखू, बिडी, दारू, सगळं विचारा, नातेवाईक लाजतात पण विचारा. साठ वर्षं मिश्री लावणाऱ्या आजींची मिश्री आश्रमात आल्या दिवशी बंद केली तर त्या चिडणार, डोकं दुखणार, झोप जाणार. हे डॉक्टरला सांगून ठरवायचं, गुपचूप बंद करायचं नाही. दारूचं तर जास्त सिरीयस आहे. रोज पिणारा माणूस अॅडमिट झाला आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, नसलेली माणसं दिसणं, मारामारी सुरू झाली तर तो स्वभाव नाही, ती इमर्जन्सी आहे, जिवावर बेतू शकतं, लगेच डॉक्टर नाहीतर १०८.

त्यांना काय म्हणून हाक मारायची हेही विचारा. ज्यांना सगळी गल्ली 'मास्तर' म्हणायची त्यांना "ए आजोबा उठा" म्हटलेलं चालत नाही.

कोणत्या वेळी जास्त होतं

आंघोळ, डायपर आणि कपडे बदलणं, भरवणं, कूस बदलणं, म्हणजे जिथं जिथं आपण अंगाला हात लावतो तिथं. आणि संध्याकाळी.

आंघोळीचं जरा सविस्तर सांगते. विचार करा, तुम्हाला आठवत नाही तुम्ही कुठं आहात, आणि एक अनोळखी बाई येऊन कपडे काढायला लागते. कुणीही हात झटकेल. त्यात आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, पाणी आलं त्या दिवशी सगळ्यांना धडाधड उरकायचं असतं, आणि घाईतच सगळ्यात जास्त मार बसतो. म्हणून असं करा. आधी पाणी, टॉवेल, कपडे, साबण सगळं तयार ठेवा, मग माणसाला आणा. पाणी त्यांच्या हातावर टाकून "बरोबर आहे का गरम?" विचारा. एक मोठा टॉवेल खांद्यावरून पांघरूनच ठेवा आणि त्याच्या आतून एकेक भाग धुवा, पूर्ण उघडं करायची गरजच नसते. पायापासून सुरू करा, डोक्यावरून पाणी एकदम शेवटी, नाहीतर त्या दिवशी नकोच, केस वेगळ्या दिवशी. त्यांच्या हातात तांब्या नाहीतर साबण द्या, हात कामात असला की मारायला मोकळा राहत नाही आणि त्यांनाही आपण करतोय असं वाटतं. नाही म्हणाले तर सोडा, अर्ध्या तासानं परत या, दुसरी मावशी पाठवा. गरम फडक्यानं बेडवर पुसून काढलं तरी माणूस स्वच्छ होतो. रोज डोक्यावरून आंघोळ झालीच पाहिजे हा हट्ट बऱ्याचदा आपला असतो, कधीकधी नातेवाईकांचा.

संध्याकाळी अंधार पडायला लागला की डिमेन्शियाची बरीच माणसं बेचैन होतात, फेऱ्या मारतात, "घरी सोडा" म्हणतात. नेमकी तीच ड्युटी बदलायची वेळ, हँडओव्हर, गडबड, नवीन चेहरे, भांड्यांचा आवाज. इनचार्जला सांगून हँडओव्हर त्यांच्या खोलीपासून लांब करा. लाईट अंधार पडायच्या आधीच लावा, सावल्या पडल्या की त्यांना माणसं दिसतात. टीव्हीवरच्या भांडणाच्या सिरीयल बंद करा, सगळ्या गोंगाटात तो एक आवाज तरी कमी होतो.

उन्हाळा वेगळाच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, लाईट गेली की पंखा बंद, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही. पाणी कमी पडलं की डोकं भरकटतं.

अचानक बदल झाला तर तो आजार समजा

कालपर्यंत शांत असलेल्या आजी आज चावायला लागल्या, किंवा सकाळी बरोबर होत्या आणि संध्याकाळी ओळखतच नाहीत, तर "म्हातारपणी व्हायचंच" म्हणू नका. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात आणि त्याचं कारण बहुतेक वेळा शरीरात सापडतं. लघवीचं इन्फेक्शन, छातीत कफ, पोट साफ न होणं, लघवी अडकणं, पाणी कमी होणं, सोडियम कमी होणं, साखर कमी होणं, पडून हाड मोडलेलं, नवीन सुरू झालेलं औषध. तुम्हाला निदान करायचं नाहीये, पण एवढं बघून सांगता येतं: ताप आहे का, लघवी किती आणि कशी झाली, शेवटचं पोट कधी साफ झालं, काय खाल्लं, शुगर किती, कुठं हात लावला की तोंड वाकडं करतात. हे सगळं घेऊन फोन केला तर डॉक्टरलाही पटकन कळतं.

दुखणं तर फारच सुटतं नजरेतून. बोलता न येणारा माणूस दुखतंय म्हणत नाही, कपाळाला आठ्या घालतो, कण्हतो, मूठ आवळतो, हात लावला की ढकलतो.

मारायला लागले त्या क्षणी

थांबा. जे करत होता ते सोडून द्या, अर्धा डायपर राहिला तरी चालतो (पडणार नाहीत एवढं मात्र बघा, रेलिंग वर करा). दोन पावलं मागं, हात पोहोचणार नाही एवढं. समोर छाती काढून उभं राहू नका, जरा तिरकं उभं राहा, हात खाली आणि उघडे. त्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहू नका, त्यांनाही अडकल्यासारखं वाटू नये आणि तुम्हालाही बाहेर पडता आलं पाहिजे. आवाज खाली, वाक्यं लहान, एका वेळी एकच माणूस बोलणार. चार जणी गोळा होऊन "आजोबा शांत व्हा, आजोबा शांत व्हा" करतात त्यानं आजोबा अजून भडकतात. वाद घालू नका. "माझे पैसे चोरले" म्हणाले तर "मी कशाला चोरू" म्हणून काही होत नाही, "पैसे सापडत नाहीत व्हय, चला बघू" म्हणा.

धरलंच तर सुटायचं कसं, हे आपसात करून बघा, वाचून येत नाही:

मनगट धरलं तर ओढाताण नको, त्यांचा अंगठा जिकडं आहे तिकडून हात फिरवून काढा, पकड तिथंच कच्ची असते.

केस धरले तर डोकं मागं ओढू नका, उलट त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर दाबून धरा, ओढ बसत नाही, मग हाक मारा आणि दुसऱ्या माणसाला बोटं सोडवू द्या.

चावा घेतला तर हात ओढून काढू नका, मांस फाटतं. जरासा आत, तोंडाच्या दिशेनं ढकला, जबडा आपोआप सैल होतो.

उलटं मारायचं नाही, हात पिरगाळायचा नाही, धमकी द्यायची नाही. राग येणार, येतोच, मला पण येतो, म्हणूनच खोलीबाहेर जायचं असतं. आणि बांधायचं नाही. ओढणीनं, बेडशीटनं हात रेलिंगला बांधतात काही ठिकाणी, मला हे लिहिताना पण त्रास होतो. बांधलेला माणूस सुटायच्या धडपडीत पडतो, गळ्याला फास बसू शकतो, बेडसोअर होतात आणि भीतीनं दुसऱ्या दिवशी दुप्पट मारतो. मेंटल हेल्थकेअर अॅक्ट २०१७ मध्ये मानसिक उपचाराच्या संस्थांसाठीसुद्धा बांधणं हा शेवटचा उपाय आहे, लगेच इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, डॉक्टरच्या परवानगीनं. शिक्षा म्हणून नाहीच, माणसं कमी आहेत म्हणूनही नाही.

झोपेची गोळी आपल्या मनानं देणं हेही तसंच. डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या माणसांना शांत करायला देतात त्या अँटिसायकोटिक गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो म्हणून अमेरिकेच्या औषध खात्यानं २००५ मध्येच त्यावर कडक इशारा छापायला लावला. डिमेन्शियाच्या लेवी बॉडी नावाच्या प्रकारात तर हॅलोपेरिडॉलसारखं औषध फार वाईट बाधतं. डॉक्टर विचार करून देतील तर ठीक. "कालच्यासारखीच अर्धी दे" असं फोनवर मावशीला मावशीनं सांगायचं नाही.

नंतर, त्याच दिवशी

चावा असेल आणि कातडी फाटली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं दहा-पंधरा मिनिटं धुवा, हळद-बिळद भरू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. माणसाचा चावा लवकर पिकतो, बोटाच्या सांध्यावर असेल तर जास्तच. टीटी (धनुर्वाताचं इंजेक्शन), अँटिबायोटिक, हिपॅटायटिस बी चं विचारा. रक्ताशी रक्त लागलं असेल तर एचआयव्हीचा धोका फार कमी असतो, पण त्यासाठीची औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, सुरू करावी लागतात. आपल्या सिव्हिलला विचारता येतं. डोक्याला मार लागला आणि उलटी, चक्कर, गुंगी असेल तर ड्युटी संपायची वाट बघू नका.

मग लिहा. नवीन माणसं लिहितात, "आजोबांनी आज लई त्रास दिला." यातून कुणाला काही कळत नाही. असं लिहा:

"संध्याकाळी ६.२०. डायपर बदलताना उजव्या कुशीवर वळवलं. लगेच ओरडले, माझ्या डाव्या दंडाला चिमटा काढला, वळ आहे, फोटो काढला. सोडून दिलं. नंतर उजव्या मांडीवर हात ठेवून बसले. पाणी दिलं, दहा मिनिटांत शांत. खोलीत मी एकटी होते."

असं तीन-चार वेळा लिहिलं गेलं की इनचार्जला दिसतं, दर वेळी उजवी कूस. मग उजव्या खुब्याचा एक्स-रे निघतो. शेवटची ओळ, मी एकटी होते, ती पण मुद्दाम लिहायची, दर वेळी एकटीच असाल तर माणसं कमी पडतायत हे त्याच रजिस्टरमधून दिसतं. फोटो तुमच्या स्वतःच्या जखमेचा काढा, आजोबांचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका, कधीच नाही.

"लिहू नको, नातेवाईक वाचतील" असं सांगणारे भेटतील. नातेवाईकांना कळलंच पाहिजे. "आमचे बाबा असे नव्हतेच" म्हणतील, खरंच नसतील, आजारानं झालेत. तुमची नोंद नसेल तर मात्र उद्या आजोबांच्या हातावर निळं दिसलं की बोट तुमच्याकडं येतं.

अंगचटीला येणं आणि जातीवरून बोलणं

हे दोन विषय कुणी काढत नाही म्हणून मी काढते.

स्पंजिंग करताना (ओल्या फडक्यानं अंग पुसताना) छातीला हात घालणं, समोर कपडे काढणं, घाणेरडं बोलणं. काही आजारांत, विशेषतः मेंदूच्या पुढच्या भागाच्या डिमेन्शियात, लाजेचा ब्रेकच निघून जातो. कारण काही असलं तरी तुम्ही सहन करायचं नाही. हसून नेऊ नका, ओरडूही नका, सरळ आवाजात "हात काढा, हे चालणार नाही" म्हणा, बाहेर या, लिहा, आणि पुढच्या वेळी ब्रदर किंवा दोघी मिळून. माणूस पूर्ण भानावर असेल, बाकी सगळे व्यवहार नीट करत असेल, तर त्याला आजार म्हणून पांघरूण घालायचं नाही, तो विनयभंग आहे. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात बाहेरच्या माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवायची जबाबदारी मालकावर आहे. दहा किंवा जास्त कामगार असतील तर अंतर्गत समिती पाहिजे, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं लेखी तक्रार, तीन महिन्यांच्या आत.

जातीवरून शिव्या, "तुझ्या हातचं पाणी नको", हे होतं आपल्याकडं, आणि हे चापटीपेक्षा जास्त लागतं. आजारी डोक्यातून आलं असेल तर त्या क्षणी वाद घालून फायदा नाही, बाहेर पडा. पण इनचार्जनं "मग दुसऱ्या जातीची मावशी पाठवा" अशी ड्युटी लावली तर ते इनचार्जचं चुकलेलं आहे, त्याला आजाराचं कारण नाही. आणि भानावर असलेला माणूस किंवा त्याचा नातेवाईक चारचौघांत असं बोलला तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. तेही तारीख-वेळ घालून लिहायचं, शब्द जसेच्या तसे.

पुढचे काही दिवस

मार बसल्यावर हात थरथरतात, रात्री झोप येत नाही, त्या खोलीकडं जाताना पोटात गोळा येतो. घरी सांगावं तर "सोड ते काम" म्हणतात म्हणून बऱ्याच जणी सांगतच नाहीत. सोबतच्या मावशीला सांगा, इनचार्जला सांगा, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आजी-आजोबांवरच कुणी अत्याचार करतंय असं दिसलं, नातेवाईक असो की स्टाफ, तर एल्डरलाईन १४५६७.

त्याच आजोबांकडं त्याच दिवशी एकटीनं परत जाऊ नका. दुसऱ्या दिवशी जा, पण कुणालातरी घेऊन, आणि पहिल्यांदा काही काम काढून जाऊ नका, नुसतं चहा द्यायला जा, समोर बसा. त्यांना बहुतेक काल काय झालं ते आठवत नसतं, त्यामुळं "काल का मारलं?" विचारायचं नाही. चहा घेतला, हात झटकला नाही, तर तेही रजिस्टरला लिहा, सकाळी ८ ला चहा दिला, उजव्या हातानं कप धरला, शांत होते. डॉक्टरला राऊंडला ते पण लागतं.